नाकारलेले दावे आणि नाकारणारे शब्द : यवतमाळ जिल्ह्यातील अपंगत्व-भरपाईचा इतिहास

कामावर असताना ज्याचा हात, डोळा किंवा पाय गेला त्याला भरपाई मिळावी की नाही, या प्रश्नाचा इतिहास सामान्यतः कामगार-चळवळीच्या किंवा विमाव्यवसायाच्या इतिहासात समाविष्ट केला जातो. त्याला भाषेच्या इतिहासाचेही एक अंग आहे, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. दावा नाकारला जातो तो इजा झालीच नाही असे म्हणून क्वचितच. बहुधा तो एखाद्या शब्दाच्या व्याख्येत बसत नाही म्हणून नाकारला जातो. ‘कारखाना’, ‘हंगाम’, ‘कामगार’, ‘खातेदार’, ‘अपघात’ हे शब्द वरवर साधे दिसतात. परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत यवतमाळ जिल्ह्यातील जखमी माणसाचे भवितव्य त्यांच्यावरच ठरत आले आहे, आणि वकिलाचे काम पुष्कळदा त्या शब्दांचा अर्थ लावण्याचे राहिले आहे. प्रस्तुत निबंधात या जिल्ह्यापुरता हा इतिहास पाहावयाचा आहे.

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. १९०५ पूर्वी त्याचे नाव वणी जिल्हा असे होते. १९०३ साली यवतमाळ-मूर्तिजापूर हा अरुंदमापी लोहमार्ग सुरू झाला तो मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठीच. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, दिग्रस या गावांत सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने निघाले. दिवाळीच्या सुमारास ते सुरू होत आणि उन्हाळ्यापर्यंत चालत. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राच्या रुळात बोटे सापडणे, उघड्या पट्ट्यात लुगड्याचा पदर किंवा धोतराचा सोगा अडकणे, दाबयंत्राखाली हात चिरडणे हे तेथील ठरलेले धोके होत.

येथे पहिला नाकारणारा शब्द भेटतो, तो ‘हंगाम’. हिंदुस्थानातील पहिला कारखाना-कायदा १८८१ चा. त्यात कारखान्याची व्याख्या करताना वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक काळ चालणारी आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेली यांत्रिक शक्तीवरील जागा, अशी मर्यादा घातलेली होती. गिरणीत वर्षभर राबणारा मजूर मुंबईचा. वऱ्हाडातील जिनात राबणारी बाई हंगामापुरती. तेव्हा त्या कायद्याच्या लेखी तिचे काम ‘कारखान्यातील’ नव्हतेच. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११ च्या कायद्याने. तीस वर्षे एका शब्दाने जी माणसे बाहेर ठेवली होती, ती एका दुरुस्तीने आत आली. परंतु हा ‘हंगाम’ पुढे पुन्हा एकदा याच माणसांच्या वाटेत उभा राहिला, हे यथावकाश दिसेल.

कामगार-भरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. वऱ्हाड हा कायद्याच्या काटेकोर अर्थाने त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानाचा भाग नव्हता. निजामाचे नाममात्र स्वामित्व तेथे कायम होते, आणि म्हणून मध्यवर्ती कायदे तेथे स्वतंत्र अधिसूचनेने लागू करावे लागत. या कायद्याचे मोठेपण असे की, मालकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी त्याने जखमी मजुरावरून काढली. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला एवढे दाखविले की पुरे. त्याने दिवाणी न्यायालयाऐवजी भरपाई-आयुक्त नेमला, आणि भरपाईचा दर ठरविण्यासाठी शरीराचे एक परिशिष्ट तयार केले.

हे परिशिष्ट म्हणजे अवयवांचा दरतक्ताच होय. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास प्रौढ मजुराला बेचाळीस महिन्यांचे वेतन किंवा ३,५०० रुपये यांपैकी कमी असेल ती रक्कम द्यावयाची. अंशतः अपंगत्व असेल तर त्या रकमेचा ठराविक शेकडा. उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वर गेला तर शेकडा ७०. डावा तसाच गेला तर ६०. एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, अन्य कोणतेही एक बोट ५. ज्याने हा तक्ता केला त्याच्यापुढे कोणत्या प्रकारचा कामगार होता याचा तर्क करता येईल. कापूस वेचणारी किंवा यंत्रात कापूस भरणारी बाई मात्र त्याच्यापुढे नसावी. वेचणीचे काम दोन्ही हातांचे आहे, आणि अंगठ्याविना बोंडातून कापूस निघत नाही.

आता एक साधे गणित करून पाहावे. समजा, एका मजुरणीचे मासिक वेतन दहा रुपये आहे. पूर्ण अपंगत्वाची तिची भरपाई ४२० रुपये. अंगठा गेला तर १०५ रुपये. डोळा गेला तर १२६ रुपये. उजवा हात कोपरापासून गेला तर २९४ रुपये. याच कायद्याच्या तिसाव्या कलमाने आयुक्ताच्या निर्णयावर उच्च न्यायालयाकडे अपील करण्याची सोय केली होती. परंतु त्यास दोन अटी होत्या. अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न गुंतलेला हवा, आणि सर्वसाधारणतः वादग्रस्त रक्कम तीनशे रुपयांहून कमी नसावी. म्हणजे दहा रुपये कमाविणारीचा उजवा हात गेला आणि आयुक्ताने तिचा दावा सपशेल फेटाळला, तरी तिचा वाद अपिलाच्या उंबरठ्यापासून सहा रुपये दूर राहत होता. कायदेकर्त्यांनी हे मुद्दाम केले असे म्हणण्याचे कारण नाही. क्षुल्लक वाद वरच्या न्यायालयात येऊ नयेत एवढाच त्यांचा हेतू असणार. तथापि क्षुल्लक काय हे वेतनावर ठरत होते, आणि वेतन ज्याचे सर्वांत कमी त्याचाच हात सर्वांत क्षुल्लक ठरत होता. हा तीनशे रुपयांचा आकडा पुढे २०१७ पर्यंत टिकला. त्या वर्षी तो दहा हजार करण्यात आला.

याच कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मालकाला भरपाईच्या हुकुमावर अपील करावयाचे असेल तर ती रक्कम आयुक्ताकडे आधी जमा केल्याचा दाखला जोडावा लागे. आयुक्तापुढे मजुराच्या वतीने वकील उभा राहू शकत असे. नोंदलेल्या कामगार-संघाचा अधिकारीही उभा राहू शकत असे. आयुक्ताची परवानगी असेल तर अन्य कोणीही. माझ्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय तरतूद बाविसाव्या कलमातील होय. अर्जदार निरक्षर असेल आणि त्याची तशी इच्छा असेल, तर त्याचा अर्ज आयुक्ताच्या देखरेखीखाली तयार करून द्यावा, असे त्यात म्हटले होते. न्याय मागणाऱ्याला लिहिता येत नाही हे गृहीत धरून न्याय देणाऱ्यावरच लेखनिकाचे काम सोपविणारी तरतूद आपल्या कायद्यांत विरळाच.

परंतु कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत लिहावयाचे? यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण व पूर्व भागांत, पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणी या बाजूस कोलाम व गोंड वस्ती मोठी आहे. कोलामी ही मराठीची बोली नव्हे; ती द्राविडी कुळातील स्वतंत्र भाषा आहे, आणि एमेनो यांचा तिच्यावरील प्रबंध १९५५ साली प्रसिद्ध झाल्यापासून भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती परिचित आहे. कोलाम मजुराची हकीकत पोलीस मराठीत उतरवितो, डॉक्टर इंग्रजीत, तालुक्याचे कागद मराठीत राहतात आणि उच्च न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत होतो. नागपूरला १९३६ साली उच्च न्यायालय स्थापन झाले, १९५६ नंतर तेथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. भाषेची ही उतरंड दोन्ही काळांत तीच राहिली. अपील म्हणजे एका अर्थी भाषांतरच, आणि प्रत्येक पायरीवर मूळ हकीकतीतील काही तरी गळते. मालकाने नोकरी देतानाच भरपाईच्या हक्कांची माहिती कामगाराला लेखी द्यावी, आणि ती इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत, त्याला कळेल अशा रीतीने द्यावी, हे बंधन कायद्यात आले ते २०१७ साली, म्हणजे कायदा झाल्यावर चौऱ्याण्णव वर्षांनी. त्यातही कोलामीला स्थान नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला. प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ साली सादर केलेल्या अहवालावर त्याची उभारणी झाली होती. या कायद्याने अपंगत्वाचा प्रश्न मालक आणि मजूर यांच्या भांडणातून काढून विम्याच्या क्षेत्रात आणला. एकरकमी भरपाईऐवजी नियतकालिक लाभ, वैद्यकीय मंडळ, मंडळाचा निर्णय अमान्य असल्यास वैद्यकीय अपील न्यायाधिकरण किंवा कामगार विमा न्यायालय, आणि त्यावर उच्च न्यायालय, अशी नाकारलेल्या दाव्याची संपूर्ण वाट त्यात आखलेली आहे. यवतमाळच्या जिनातील मजुराला या वाटेचा उपयोग किती झाला? कायदा हंगामी कारखान्यांना लागू नव्हता. आणि हंगामी कारखाना म्हणजे काय हे सांगताना त्याने उद्योगांची जी यादी दिली तिच्यात कापसाची सरकी काढणे व कापसाच्या गाठी बांधणे हे उद्योग आरंभीच आहेत. १८८१ साली महिन्यांच्या मोजणीने जे झाले तेच येथे नाव घेऊन झाले. जिल्ह्याचा प्रमुख यांत्रिक उद्योगच विम्याबाहेर राहिला, आणि तेथील जखमी माणसाला १९२३ च्या कायद्याचाच आधार उरला.

त्या कायद्याच्या अर्थाचा मात्र विस्तार होत गेला. १९६२ साली परिशिष्टाची फेररचना झाली आणि उजव्या-डाव्याचा भेद गेला. त्याहून महत्त्वाचा ठरला तो सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली प्रतापनारायण सिंग देव यांच्या खटल्यात दिलेला निकाल. ओरिसातील एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. परिशिष्ट पाहता हे अंशतः अपंगत्व, असा मालकाचा युक्तिवाद. आयुक्ताने ते पूर्ण धरले होते, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. आणि न्यायालयाने आयुक्ताचे म्हणणे उचलून धरले. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, आयुक्ताच्या हुकुमाच्या दिवसापासून नव्हे, असेही त्यात ठरले. या निकालाने अवयवहानी आणि मिळकतक्षमतेची हानी या दोन कल्पना वेगळ्या केल्या. मराठीत आपण दोहोंना सरसकट ‘अपंगत्व’ म्हणतो, आणि त्यामुळे वैद्यकीय दाखल्यावरील शेकडा हाच भरपाईचा शेकडा, असा समज अजूनही पक्का आहे. दाखल्यावर चाळीस लिहिले म्हणून नांगर धरणाऱ्याची मिळकत चाळीसच टक्के घटली असे होत नाही. हे प्रत्येक वेळी पुराव्याने सांगावे लागते, आणि सांगणारा वकील नसेल तर ते राहून जाते.

आतापर्यंतचे विवेचन कारखान्याचे झाले. यवतमाळ जिल्ह्यातील बहुसंख्य लोक शेतात राबतात, आणि त्यांच्यासाठी अपघात-विमा आला तो फार उशिरा. महाराष्ट्र शासनाने २००५ साली शेतकऱ्यांसाठी व्यक्तिगत अपघात-विम्याची योजना काढली. हप्ता शासन भरणार, दावा विमाकंपनी देणार. २०१५ पासून ती गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालू झाली. मृत्यू, दोन डोळे किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख रुपये, आणि एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास एक लाख, अशी तिची मर्यादा होती. पुन्हा अवयवांचा तक्ताच, फक्त अधिक आखूड.

या योजनेत नाकारणारा मुख्य शब्द ठरला ‘खातेदार’. सातबारावर ज्याचे नाव तो शेतकरी. बाप मरतो, मुलगा शेत कसतो, फेरफार वर्षानुवर्षे होत नाही. मग मुलाचा हात मळणीयंत्रात जातो, आणि विमा सुरू झाला त्या तारखेस नाव नव्हते म्हणून दावा परत येतो. वस्तुतः वारसाचा हक्क मृत्यूच्या क्षणीच निर्माण होतो; फेरफार ही महसुलाच्या सोयीची नोंद असून ती मालकी देत नाही किंवा घेत नाही, हे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. विलंबाचे कारणही असेच. केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळू नये, असे विमा नियामक प्राधिकरणाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले होते. नकाराची पत्रे मात्र त्यानंतरही निघत राहिली.

अशा नकारावर दाद मागण्याची मुख्य जागा ग्राहक मंच ही ठरली, आणि येथेही प्रथम शब्दाचा वाद झाला. शेतकऱ्याने हप्ता भरलेला नाही. मग तो ‘ग्राहक’ कसा? १९८६ च्या कायद्यातील व्याख्या येथे उपयोगी पडली. सेवेचे मूल्य देणाऱ्याबरोबरच त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही तीत ग्राहक होता. दोन वर्षांची मुदत, जिल्ह्याच्या ठिकाणी सुनावणी, वरचे अपील राज्य आयोगाच्या नागपूर खंडपीठापुढे; ही वाट उच्च न्यायालयापेक्षा पुष्कळच सोपी. २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अंमलात आल्यावर मंचाचा ‘आयोग’ झाला, अपिलाची मुदत तीस दिवसांवरून पंचेचाळीस झाली, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीस शुल्क राहिले नाही. शुल्क नसले तरी कागद लागतातच. विधिसेवा प्राधिकरणाचा १९८७ चा कायदा स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्ती यांना मोफत वकील देतो, आणि त्याचे जिल्हा कार्यालय यवतमाळलाही आहे. वर म्हटलेल्या कोलाम मजुराला तो जमातीच्या आधारे लगेच मिळू शकतो. इतर पुरुष मजुराला तो अपंग म्हणून मागावयाचा तर अपंगत्वाचा दाखला हवा, आणि तो दाखला हाच बहुधा मूळ वादाचा विषय असतो.

आता ज्या शब्दापाशी मला अधिक थांबावयाचे आहे तो ‘विषबाधा’. योजनेच्या यादीत जंतुनाशके हाताळताना झालेली विषबाधा हा अपघात धरलेला होता. आत्महत्या, तिचा प्रयत्न आणि स्वतःस जाणूनबुजून केलेली इजा ही वगळलेली होती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले, तेथे या दोन नोंदींमधील रेषा किती बारीक आहे हे सांगावयास नको. औषध तेच, बाटली तीच, रुग्णालयही तेच. फरक पडतो तो पहिल्या कागदावर काय लिहिले गेले त्याने. ‘त्याला विषबाधा झाली’ या वाक्यात माणूस चतुर्थीत आहे; क्रिया त्याच्यावर घडली. ‘त्याने विष प्राशन केले’ यात तो तृतीयेतील कर्ता आहे, आणि कर्ता म्हटले की हेतू आलाच. फवारणी करताना कोसळलेल्या माणसाला आणले जाते, सोबतचा गोंधळलेला नातेवाईक ‘औषध घेतलं’ की ‘औषध लागलं’ असे काही तरी पुटपुटतो, आणि लिहिणारा सवयीने ‘प्राशन’ लिहून मोकळा होतो. पुढे हा एक शब्द खोडून काढण्यासाठी वर्षे लागतात. वकिलाने अशा दाव्यात पहिल्या दिवसाची नोंद, पंचनामा आणि साक्षीदारांचे मूळ शब्द शेजारी ठेवून पाहावेत. नोंद ही सांगणाऱ्याची की लिहिणाऱ्याची, हा प्रश्न भाषाशास्त्राचा आहे तितकाच पुराव्याच्या कायद्याचाही.

२०१७ च्या पावसाळ्यात हा प्रश्न एकाएकी मोठा झाला. कापसावर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसे दगावली आणि शेकडो बाधित झाली. शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले, मृतांच्या वारसांना दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली, आणि नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकाही आली. जे वाचले त्यांच्यापैकी अनेकांची दृष्टी काही काळ गेली वा मंदावली. परंतु कायमचा डोळा किंवा अवयव गेला नाही, तर तक्त्यात त्यांना जागा नव्हती. ‘कायमचे’ हा शब्द येथे ‘हंगामा’चेच काम करतो.

शिवाय फवारणारे पुष्कळ जण दुसऱ्याच्या शेतातील मजूर होते. ते खातेदार नव्हेत. २०१९ साली योजनेची कक्षा वाढवून खातेदाराच्या कुटुंबातील नोंद नसलेली एक व्यक्ती आत घेतली गेली. भूमिहीन मजूर तरीही बाहेरच. त्याच्यासाठी १९२३ च्या कायद्याचे दार उघडे होते असे मला वाटते. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ट्रॅक्टरने, किंवा वाफ, अन्य यांत्रिक शक्ती अथवा वीज यांवर चालणाऱ्या साधनांनी केलेल्या शेतीकामाचा उल्लेख होता, आणि प्रासंगिक मजुरांना वगळणारे शब्द २००० सालीच गळले होते. पाठीवरचा फवारणी-पंप हाताने मारावयाचा असेल तर प्रश्न निराळा. परंतु तो बॅटरीवर किंवा पेट्रोलवर चालत असेल तर तो या वर्णनात का बसू नये? ‘साधन’ हा शब्द मुद्दाम व्यापक ठेवलेला आहे. हा युक्तिवाद मालकावर, म्हणजे पुष्कळदा दोन-चार एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्यावर, जाऊन आदळतो हे खरे, आणि मजूर तो करावयास का धजत नाही याचे उत्तरही त्यातच आहे. उद्या ज्याच्या शेतात वेचणीला जावयाचे त्याच्यावर दावा कोण लावील?

त्यामुळेच काही बाधितांनी दावा शेतमालकावर न लावता औषध बनविणाऱ्यावर लावला. दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांच्या वतीने स्वित्झर्लंडमधील बासेल येथे सिंजेंटा कंपनीविरुद्ध भरपाईची कार्यवाही सुरू झाली. आपल्या उत्पादनामुळे ही बाधा झाली हे कंपनीने मान्य केलेले नाही. यवतमाळचा पंचनामा जर्मन भाषेच्या न्यायालयात वाचला जावा, इतकी ही भाषांतराची वाट लांबली.

दरम्यान देशातील चौकट बदलली आहे. १९२३ आणि १९४८ चे दोन्ही कायदे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन करण्यात आले, आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. राज्याच्या योजनेतील बदल त्याआधीचा, १९ एप्रिल २०२३ चा. विमाकंपन्यांच्या नकारांविषयीच्या तक्रारींमुळे शासनाने कंपनीला मधून काढले आणि पैसे स्वतःच देण्याचे ठरविले. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, निर्णय तहसीलदारांच्या समितीकडे. नकाराचे एक मोठे कारण त्यामुळे दूर झाले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु योजनेच्या नावातील ‘विमा’ जाऊन तेथे ‘सानुग्रह अनुदान’ आले आहे. विम्याचा ‘दावा’ असतो. अनुग्रहाची विनंती असते. कंपनी आणि विमापत्र दोन्ही नसताना ‘सेवेतील त्रुटी’ हा ग्राहक-कायद्याचा आधार कितपत टिकेल, हा प्रश्न आता तक्रारदाराच्या वकिलापुढे येतो. त्याने निदान एक करावे : समितीचा नकार तोंडी न घेता, कारणांसह आणि तारखेसह लेखी घ्यावा. अनुदान कृपेचे असले तरी ते नाकारणारे शासन आहे, आणि शासनाच्या सकारण हुकुमाची छाननी करण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार योजनेच्या नावाने कमी होत नाही.